घाटाला पुरेल एवढी हवा

भाऊ पहाटे गाडी काढायचा तेव्हा मी अंथरुणात असायचो, पण बाहेर पडलेली गाडी आमचीच आहे हे आवाजावरून कळायचं. इंजिनाचा आवाज चांगला होता. त्याच्यावर दुसरा एक आवाज चढलेला असायचा, रिकाम्या पिंपात वारा शिरावा तसा घोंगावणारा. गिअर बदलताना तो खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. गाडी नाक्याच्या वळणाला जाईपर्यंत तो ऐकू येई. २०१६ सालच्या थंडीत तो आवाज रोजचा झाला होता.

गाडी म्हणजे आमची पिकअप. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, दीड टन माल. धाकटा भाऊ ती भाड्याने चालवायचा आणि मी ती चालती ठेवायचो. कोल्हापुरात फुलेवाडी नाका ओलांडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर माझं गॅरेज आहे. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांत हात काळे करणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी अशी घोंगावत जावी, याचं मला वाईट वाटायचं.

दुखणं मला ठाऊक होतं. पंखा आणि वॉटर पंपाची पुली यांच्यामध्ये एक चपटा डबा असतो, त्याला आम्ही व्हिस्कस म्हणतो. त्याच्या आत सिलिकॉनचं दाट तेल असतं आणि पुढच्या तोंडाशी दोन धातूंच्या पट्टीची एक गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी पिळते, आतली झडप उघडते, तेल खाचांमध्ये पसरतं आणि पंखा पुलीला धरून फिरायला लागतो. हवा निवली की तेल मागे सरतं आणि पंखा सैल पडतो. थंड गाडी सुरू केल्यावर पहिलं मिनिटभर पंखा जोरात ओढतो आणि मग शांत होतो, ते याच्यामुळे. आमच्या गाडीचा व्हिस्कस आतून जाम झाला होता. पहाटेच्या थंडीतही आणि हमरस्त्यावर समोरून फुकट वारा मिळत असतानाही पंखा पूर्ण ताकदीने इंजिनाला लटकलेला.

पंखा इंजिनाकडून किती घेतो याचा एक नियम आहे. फेरे दुप्पट झाले की हवा दुप्पट ओढली जाते, पण त्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणजे कमी फेऱ्यांवर पंखा जवळपास फुकट फिरतो आणि जास्त फेऱ्यांवर चांगलाच महाग पडतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारने बाजारावर सोडले होते आणि भाऊ प्रत्येक खेपेचं डिझेल वहीत लिहून ठेवायचा. नव्या व्हिस्कसची किंमत सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही, वहीची पानं मागे-पुढे करत बसला. मीच म्हणालो, "राहू दे, आपण इलेक्ट्रिक फॅनच बसवू."

ही कल्पना माझ्या डोक्यात कळंब्याच्या आयटीआयपासून होती. तिथे जीपचं इंजिन उघडून शिकलो. तिचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, तसाच अँबॅसॅडरचा. ज्यांच्या हाताखाली मी पुढे काम शिकलो ते अण्णा, उद्यमनगरातले जुने मेस्त्री, सांगायचे की डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिचं बोनेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा पंख्याला पट्टा दिसेना म्हणून सगळे वाकून बघत होते. त्या गाडीचं इंजिन आडवं, पुली चाकाकडे तोंड करून. समोरच्या रेडिएटरपुढे पट्ट्याचा पंखा फिरणार कसा? म्हणून विजेचा. पुढे छोट्या गाड्या सगळ्याच तशा झाल्या. मला वाटायचं, जे नवं आलं ते चांगलं आहे म्हणूनच टिकलं. आडव्या इंजिनाला दुसरा मार्गच नव्हता, ही गोष्ट मी ऐकली होती, पण तिचा अर्थ माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता.

पहिलं काम मी एका रविवारी उरकलं. भंगारातून छोट्या पेट्रोल कारचा बारा इंची पंखा आणला, मोटर चांगली होती. व्हिस्कस चार बोल्ट काढून उतरवला. पंखा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसवला, म्हणजे हवा ओढणारा. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या आरपार घालून तो आवळायची एक सोपी रीत आहे. ती मी केली नाही, एवढं तरी त्या दिवशी बरोबर केलं. गाडी हादरते तशा त्या पट्ट्या जाळीच्या पात्यांना घासत राहतात आणि वर्षभरात नळीला भोक पाडतात, अशी दोन रेडिएटर माझ्याकडे आली होती. मी लोखंडी पट्टीची चौकट केली. पण जुन्या पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं काऊल काढून टाकलं, कारण नवा पंखा त्याच्यात बसत नव्हता. पंखा जाळीला चिकटून आहे, मग काऊल कशाला, असं मनाशी म्हटलं.

वायर घरातल्या फिटिंगची उरलेली, दीड चौरस मिलिमीटरची. थर्मोस्विच त्याच छोट्या गाडीचा. सुरू केल्यावर पंख्यापुढे रुमाल धरून हवेची दिशा तपासली. मोटरच्या दोन वायरी उलट्या लागल्या तर पंखा उलटा फिरतो आणि पुढून येणाऱ्या वाऱ्याला अडवतो, त्यामुळे रुमालाची परीक्षा कधी चुकवू नये. रुमाल जाळीला चिकटला. काटा मध्यावर येऊन थांबला, पंखा लागला, तीन मिनिटांत बंद झाला.

त्यानंतरचे चार महिने फार सुखाचे गेले. पहाटेचा तो घोंगावणारा आवाज गेला. शाहू मार्केट यार्ड ते शिरोली, गोकुळ शिरगाव, कधी इचलकरंजी, भाऊची बहुतेक भाडी सपाटीवरची. थंडीत पंखा लागायचाच नाही. इंजिन लवकर गरम होई, केबिनमध्ये बोलणं ऐकू येई. भाऊच्या वहीत लिटरमागे अर्धा ते पाऊण किलोमीटरचा फरक दिसला. लोक पंधरा-वीस टक्क्यांच्या गोष्टी सांगतात, तेवढा फरक आम्हाला कधीच दिसला नाही. आणि हा फरकही जाम झालेल्या व्हिस्कसच्या तुलनेत होता. चांगल्या व्हिस्कसशी तुलना केली असती तर तो याहून कमी निघाला असता. पण तेव्हा मी खूश होतो आणि गिऱ्हाइकांना बोनेट उघडून दाखवत होतो.

मग मे महिना आला आणि आंब्याची भाडी.

देवगडहून नांदगाव, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट चढून गगनबावडा आणि तिथून कोल्हापूर, ही आंब्याची वाट. दुपारी पेट्या भरायच्या, दिवस मावळेपर्यंत घाट चढायचा आणि रात्री यार्डात उतरवायच्या, म्हणजे सकाळचा सौदा सापडतो. एका खेपेला मी मुद्दाम बरोबर गेलो होतो. घाटात आपला पंखा कसा चालतो ते बघायचं होतं. मागे सत्तर पेट्या होत्या. वैभववाडी सोडली तेव्हा काटा मध्यावर होता आणि पंखा मधूनमधून लागत होता.

घाट सुरू झाल्यावर भाऊने दुसरा गिअर टाकला. वेग ताशी वीस-पंचवीस. पंखा लागला तो पुन्हा बंद झाला नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि हाताला वाराच लागला नाही. हे मला फार उशिरा समजलं: मे महिन्यातल्या दुपारनंतर समुद्राकडचा वारा घाट चढतो. आपणही पूर्वेकडे चढत असतो, म्हणजे वारा पाठीमागून आपल्याच वेगाने येतो. समोरच्या जाळीला जो वारा मिळायला हवा तो मिळतच नाही. सगळा भार पंख्यावर.

काटा मध्यावरून हलला. मी भाऊला हीटर पूर्ण उघडायला सांगितलं. केबिनमध्ये भट्टी पेटली, काटा क्षणभर थबकला आणि पुन्हा चढला. "दादा, थांबवू का?" त्याने दोनदा विचारलं. वळणावर जागा नव्हती, मागे ट्रक होता. मी म्हणालो, पुढच्या वळणावर. पुढच्या वळणाच्या आधीच बोनेटच्या कडेने वाफ आली.

रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही, हे मी गॅरेजमधल्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. त्या झाकणाच्या दाबामुळेच आतलं पाणी शंभरच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. आम्ही पाऊण तास रस्त्याकडेला बसलो. आमच्या मागचा ट्रक बाजूने वर गेला, जुना, लाकडी फाळक्यांचा, आमच्या कितीतरी पट माल घेतलेला. त्याच्या इंजिनावर तोच आवाज होता, रिकाम्या पिंपात वारा शिरल्यासारखा. पुढची दोन वळणं तो ऐकू येत राहिला.

एका टेम्पोवाल्याने, कुडाळकडच्या, पाण्याचा कॅन दिला. "मेस्त्री, ह्या घाटान लई जणांका बसवल्यान," असं म्हणाला आणि पैसे घेतले नाहीत. आणखी दोनदा थांबत आम्ही रात्री दहाला गगनबावड्यात पोहोचलो. तोवर इंजिन तीन सिलिंडरवर चालल्यासारखं धडधडत होतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. हेड गॅस्केट गेली होती. दुसरी गाडी बोलावून सत्तर पेट्या हाताने उतरवून चढवल्या. यार्डात पोहोचलो तेव्हा सौदा संपत आला होता. बागायतदारांना भावात जो तोटा झाला तो आम्ही भरला. त्यांनी वाकडा शब्द काढला नाही, उलट आम्हालाच चहा पाजला. तो चहा मला अजून आठवतो.

हेड काढून पट्टी लावली तेव्हा मधोमध बाक आलेला. उद्यमनगरात फेसिंगला दिलं. तिथेच अण्णा भेटले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले, काम सोडलेलं, पण रोज एक चक्कर असायची. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जुनं ते जुनं. ते तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पंखा हवा किती वढतोय, मोजलंस काय?"

मोजलं नव्हतं. वायर मोजली नव्हती, हवा मोजली नव्हती, उष्णता तर कधी मोजायची असते हेच मनात आलं नव्हतं. पंखा फिरतोय आणि रुमाल चिकटतोय, एवढ्यावर मी दीड टन माल घाटावर घातला होता.

त्या आठवड्यात मी कागद घेऊन बसलो. भरलेली गाडी तीन टनांच्या आसपास. घाटाचा चढ शंभर मीटरला सात मीटर धरला आणि वेग ताशी पंचवीस, तर ती वर ओढायला इंजिनाला साधारण वीस किलोवॉट काम करावं लागतं. डिझेल इंजिनात जळलेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाकाकडे जाते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि जवळपास तेवढीच कुलंटमध्ये उतरते. म्हणजे वीस किलोवॉट उष्णता रेडिएटरने सतत बाहेर टाकायची. न्हाणीघरात दोन किलोवॉटचा गीझर असतो, तसे दहा गीझर एकदम चालू. एवढी उष्णता वाहून न्यायला, हवा रेडिएटरमधून जाताना पस्तीस अंशांनी तापते असं धरलं तर, दर सेकंदाला अर्धा घनमीटर हवा लागते. दोनशे लिटरची अडीच पिंपं, प्रत्येक सेकंदाला.

एसीचं काम करणाऱ्या मित्राकडे हवेचा वेग मोजायचं छोटं भिंगरीचं यंत्र होतं, ते आणलं. रेडिएटरच्या जाळीवर खडूने नऊ चौकोन आखले आणि गाडी उभी ठेवून प्रत्येक चौकोनात यंत्र धरलं. पंख्यासमोरच्या चौकोनात वेग चांगला होता, सेकंदाला तीन मीटरच्या वर. कोपऱ्यातल्या चार चौकोनांत भिंगरी जेमतेम हलत होती. सरासरी काढून जाळीच्या क्षेत्रफळाने गुणलं तर पाव घनमीटरच्या किंचित वर. लागणाऱ्या हवेच्या निम्मी. काऊल काढल्यामुळे पंखा फक्त आपल्यासमोरची गोल जागा ओढत होता. बाकीचा रेडिएटर गाडीत होता, कामावर नव्हता.

मग वायर. पंखा भरपूर करंट ओढत होता. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून जाताना आणि चॅसिसच्या गंजक्या बोल्टवरून परत येताना मिळून जवळजवळ दीड व्होल्ट वाटेत जळत होता. मोटरच्या टोकाशी बारा व्होल्ट पोहोचत होते, साडेतेरा नव्हे. तेवढ्याने फेरे दहा टक्क्यांच्या आसपास घटतात.

आणि शेवटी ओळखीच्या एकाची तशीच पिकअप आणून, चांगल्या व्हिस्कसची, इंजिन तीन हजार फेऱ्यांवर तापवून तीच नऊ घरं मोजली. सरासरी आमच्या पंख्याच्या दुपटीहून जास्त. कोपऱ्यातही वारा. इथे मला ते कळलं जे कळंब्यापासून कळायला हवं होतं. घाटात गाडी दुसऱ्या गिअरला असते, वेग कमी आणि इंजिनाचे फेरे जास्त. बाहेरचा वारा जेव्हा सगळ्यात कमी असतो तेव्हाच इंजिनावरचा पंखा सगळ्यात जोरात फिरत असतो. जेवढे कष्ट वाढतील तेवढी हवा वाढते, मधे वायर नाही, स्विच नाही, फ्यूज नाही. विजेच्या पंख्याला घाट कळत नाही. तो यार्डात जेवढा फिरतो तेवढाच करूळच्या चढावर फिरतो. ज्या आवाजाची मला लाज वाटत होती, तो व्हिस्कस जाम झाला होता म्हणून वाईट होता. मुळात तो हवेचा आवाज होता.

मी परत व्हिस्कस लावायला हवा होता, असं कुणीही म्हणेल, आणि भाऊचंही तेच मत होतं. पण अर्धवट केलेलं काम तसंच सोडून देणं मला जमेना. म्हटलं, एकदा नीट करतो. जमलं तर ठेवू, नाहीतर चार बोल्ट परत घालू.

दुसऱ्यांदा केलेल्या कामाला तीन आठवडे लागले. सगळ्यात जास्त वेळ गेला काऊलला. पत्र्याचं काऊल असं करून घेतलं की रेडिएटरची पूर्ण जाळी झाकली जाईल आणि पंख्यांची पाती जाळीपासून दोन-अडीच इंच मागे राहतील. हे अंतर फार मोलाचं. ते नसेल तर काऊल असूनही कोपऱ्यांतून हवा येत नाही. त्यात दोन बारा इंची पंखे शेजारी शेजारी. काऊलच्या मोकळ्या पत्र्यात रबराच्या दोन झडपा ठेवल्या. हमरस्त्यावर वेगात वारा आला की त्या मागे उघडतात आणि काऊल वाऱ्याला अडवत नाही. पंखा ओढायला लागला की त्या आपोआप मिटतात. पुन्हा नऊ चौकोन, पुन्हा भिंगरी. कोपऱ्यातली भिंगरी फिरली तेव्हा गॅरेजमधल्या दोन्ही पोरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. सरासरीने अर्धा घनमीटर गाठला, थोडासा कमी. चालत्या गाडीला मिळणारा वारा धरून पुरेल असा.

दोन पंखे मिळून पंचवीस अँपिअर. अल्टरनेटरवर पासष्ट लिहिलेलं, पण आयडलला तो त्याच्या निम्मे देतो की नाही शंका. रात्री दिवे दहा, वायपर पाच, बाकी किरकोळ आठ-दहा, आणि हे पंचवीस. घाटात फेरे जास्त असतात म्हणून चालतं. पावसाळ्यातल्या रात्री दिवे लावून तास-तास चक्का जाममध्ये उभं राहावं लागलं तर बॅटरी हळूहळू उतरते, हे मी भाऊला स्पष्ट सांगून ठेवलं. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले आणि वेगळा फ्यूज दिला, म्हणजे एक गेला तर दुसरा फिरत राहील. सहा चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून थेट, अर्थिंगही बॅटरीपर्यंत परत. सुरू होताना मोटर नेहमीच्या दोन-तीनपट करंट खेचते, म्हणून दोन्ही पंखे एकाच क्षणी लागू नयेत असा दोन टप्प्यांचा स्विच: पहिला टप्पा ब्याण्णव अंशांना, दुसरा सत्त्याण्णवला. थर्मोस्टॅट ब्याऐंशीला उघडतो. पंखा त्याच्या वरच लागायला हवा, नाहीतर तो विनाकारण अखंड फिरत राहतो.

या स्विचने मला आणखी एकदा धडा दिला, पण यावेळी गॅरेजच्या आवारातच. स्विच मी वरच्या होजमध्ये टी जोडून बसवला होता. चाचणी घेताना वेगळं थर्मामीटर लावलं होतं, ते शंभरच्या पुढे गेलं आणि दोन्ही पंखे गप्प. इंजिन बंद केलं. होजचा तो भाग सगळ्यात उंच होता, कुलंट भरताना तिथे हवा अडकली होती. स्विचला पाण्याचा स्पर्शच नव्हता. कुलंट कमी झालेल्या गाडीतही हेच होतं. पाणी जातं, सेन्सर कोरडा पडतो आणि काटा शहाण्यासारखा खाली राहतो, आतलं हेड मात्र भाजत असतं. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर एक बंद प्लग होता, तो काढून स्विच तिथे हलवला. गाडीचं नाक चढावर करून कुलंट भरलं आणि हवेचे बुडबुडे संपेपर्यंत थांबलो. डॅशबोर्डवर दोन्ही पंखे हाताने लावायचं बटण आणि एकशे दोन अंशांना वाजणारा बझर बसवला. घाट लागण्याआधीच बटण दाबायचं, हा आमच्या घरचा नियम झाला.

बोनेटच्या आतल्या बाजूला लाल रंगात एक सूचनाही लिहिली. इंजिन बंद आहे म्हणून गॅरेजमधल्या एका पोराने काऊलशेजारी हात घातला होता आणि मी तपासणीसाठी चावी फिरवली होती. पात्याने त्याच्या बोटाची कातडी सोलली, हाडावर गेलं नाही. पट्ट्याचा पंखा इंजिन बंद झाल्यावर झोपतो. हा झोपलेला असतो असं धरून चालायचं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागण्याआधी, आम्ही वैभववाडीहून वाळूच्या गोण्या भरल्या, मुद्दाम आंब्याच्या वजनाइतक्या, आणि दुपारी चारला घाट चढलो. भाऊने बटण दाबलं. काटा मध्याच्या वर दोन रेषा गेला आणि तिथेच राहिला. गगनबावड्याच्या वर आलो तेव्हा भाऊने गाडी बाजूला घेतली, उतरला, बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. बोलला नाही. मीही नाही. पुढच्या पावसाळ्यात आणखी एक फायदा दिसला. ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं असलं की पट्ट्याचा पंखा पाण्यात शिरताना पाती पुढे वाकून रेडिएटरला भिडण्याचा धोका असतो. आमचे पंखे तेवढ्यापुरते बंद ठेवता येतात.

आता लोक विचारत येतात. मी आधी रस्ता विचारतो. दूध, ब्रेड, पार्सल, शहरातल्या शहरात फिरणारी हलकी गाडी असेल, व्हिस्कस गेलेला असेल, तर पूर्ण काऊल आणि नीट वायरिंग करायची तयारी आहे का विचारून मी इलेक्ट्रिक बसवून देतो. ती गाडी त्याने सुखी होते. पण भरून घाट चढणाऱ्या गाडीला मी आधी व्हिस्कसच बदलायला सांगतो. बऱ्याचदा तर तेही लागत नाही. उसाच्या हंगामात पाचटाचा भुसा आणि कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ जाळीत इतकी बसलेली असते की आतून पाण्याने उलट धुतल्यावर गाडी निवते. देवगडचे एक काका, आंब्याचीच गाडी, दोन वर्षांपूर्वी आले. "मेस्त्री, घाट चडताना काटो लालात जाता. तुमच्यासारखो इलेक्ट्रिक फॅन घाला." मी त्यांचा पंखा थंड इंजिनावर हाताने फिरवला. सैल, भिंगरीसारखा. व्हिस्कसच्या बेअरिंगभोवती तेलकट चिखल, आतलं तेल गळून गेलेलं. नवा व्हिस्कस घातला, रेडिएटर उलटा धुतला, झाकणाचं रबर चिरलं होतं ते झाकण बदललं. त्यांना विजेचा पंखा हवाच होता, थोडे नाराज होऊन गेले. त्या मेमध्ये त्यांच्या सगळ्या खेपा घाट चढल्या आणि हंगाम संपल्यावर ते आंब्याची पेटी घेऊन आले.

अण्णा आता नाहीत. ते भिंगरीचं यंत्र मित्राने मलाच देऊन टाकलं, ते गॅरेजच्या टेबलावर असतं आणि पंख्याचं काम घेऊन आलेल्या प्रत्येक गाडीच्या जाळीवर पोरं आधी खडूने नऊ चौकोन आखतात. आमच्या पिकअपच्या डावीकडच्या पंख्याचे ब्रश यंदा झिजले, मोटर बदलली. उजवा पंखा पहिल्यापासूनचाच आहे. जुना पट्ट्याचा पंखा मी टाकलेला नाही. नव्या व्हिस्कसला जोडून तो गॅरेजच्या भिंतीवर टांगला आहे, आणि त्याचे चार बोल्ट त्याच खिळ्याला पिशवीत आहेत.